पाण्याखालचा बांध

जोतिराम शेलारला या व्यवहारात काय मिळणार होतं, ते आधी मांडून ठेवू. म्हणजे पुढं त्यानं जे केलं त्याबद्दल कुणी त्याला एकदम वेड्यात काढायला नको. आठवणींच्या चकतीवरचा एक पट्टा गावाकडं वळवला, की त्याला बापाच्या घरामागचा परस मिळणार होता. परसातला फणस, त्याच्या बुंध्याशी पाण्याचा रांजण, बाजूला पत्र्याचं छप्पर आणि छपराखाली जातं. आणि जात्याशी बसलेली आई. फणस-रांजण हे वरकड. खरा माल म्हणजे आई. तो सात वर्षांचा असताना गेलेली आणि मागं एक फोटोसुद्धा न ठेवलेली. आणि द्यायचं काय होतं? घराच्या पट्ट्याचा नुसता काठ, जिकडं कुणी फिरकत नव्हतं. असा सौदा समोर आला की शहाणा माणूस दोनदा विचार करतो. जोतिरामनं एकदाच केला, आणि तोही निर्णय झाल्यावर.

घोटेवळ हे गाव डोंगराच्या पोटात होतं. होतं म्हणायचं, कारण जोतिराम पहिलीत गेला त्या साली धरणाची दारं खाली आली आणि गावावर पाणी चढलं. माणसांना, भांड्यांना आणि शेरडांना एकाच ट्रकात घालून पूर्वेच्या माळावर आणून सोडलं. नाचणी आणि भात खाणारी डोंगरी माणसं ज्वारीच्या मुलखात आली. सरकारनं वसाहतीला ‘नवे घोटेवळ’ असं नाव दिलं. शेजारची गावं मात्र ‘धरणवाल्यांची वसाहत’ म्हणत राहिली, आणि आता दुसरी पिढी म्हाताऱ्या वयाला आली तरी म्हणतात. जोतिरामची आई, चंद्राबाई, पहिल्याच उन्हाळ्यात गेली. तिला इथलं पाणी मानवलं नाही, एवढंच बाप सांगायचा. भरपाईच्या अर्जाला फोटो लागला तो बापाचा. सातबाऱ्यावर नाव बापाचं, नोटीस आली तीही बापाला. कागदोपत्री बघायचं तर चंद्राबाईनं घोटेवळ सोडलंच नव्हतं, कारण ती तिथं राहतच नव्हती.

जोतिराम मोठा झाला, संगणक शिकला, वसाहतीच्या तोंडाशी दाखले-उतारे काढून देणारं सेवाकेंद्र त्यानं बरीच वर्षं चालवलं. पुढं दाखले माणसांच्या मनगटावर आपोआप येऊ लागले आणि केंद्राचं शटर खाली आलं. पण वसाहतीत अजूनही कुणाचं यंत्र रुसलं की हाक जोतिरामलाच. म्हणून विरजणाची चकती वसाहतीत पहिल्यांदा आली ती त्याच्याच घरी.

या चकतीचं थोडं सांगायला हवं. जुन्या डिस्कमध्ये फोटो ठेवला की फोटोच राही. हवा तेव्हा काढा, हव्या तेवढ्या नकला करा. नव्या चकतीत तसं नाही. काचेच्या दोन पातळ थरांच्या मध्ये चांदीचे धागे उगवतात, केसाहून कितीतरी बारीक. तुम्ही तिला फोटो द्या, आवाज द्या, नाहीतर नुसत्या गप्पा मारा. प्रत्येक गोष्टीनं धागे जरासे वाढतात आणि एकमेकांत गुंततात. आठवण एका धाग्यात नसते, गुंत्यात असते. त्यामुळं चकतीला विचारता येतं. पोरगी पहिल्यांदा शाळेला निघाली तेव्हा काय म्हणाली होती? चकती सांगते, पोरीच्या आवाजात सांगते, आणि फोटोत नसलेला पावसाळी उजेडसुद्धा दाखवते. पण गुंता चकतीबाहेर उचलून नेता येत नाही. सगळा वाचायला गेलं तर वाचता वाचताच विस्कटतो. जोतिरामच्या बायकोनं, वनितानं, हे एका दमात समजून घेतलं होतं. ती म्हणाली, “म्हंजे दूध ठिवलं की दूध मिळायचं ते दिस गेलं. आता दही लागतं. अन् दह्याचं परत दूध हुईत न्हाई.” चमचाभर विरजण शेजारणीला दिलं तर तिच्याकडंही दही लागेल, पण ते तिचं दही. लोकांनी ‘विरजणाची चकती’ हे नाव पाडलं ते यावरून.

पहिली दोन-तीन वर्षं चकतीवर एकच प्रणाली होती. तिचं नाव ‘घर’. स्वयंपाकघरातल्या फडताळावर तिचा कान आणि तिचं तोंड बसवलेलं. वनिता भाकरी थापता थापता तिच्याशी बोलायची, पोरगी ईश्वरी तिच्याकडून पाढे म्हणून घ्यायची. चकतीचा दुसरा अर्धा भाग नुसता मोकळा पडून होता. आणि मोकळं रान दिसलं की घोटेवळच्या माणसाला झोप लागत नाही.

देवळात बैठक बसली. आपलं बुडालेलं गाव चकतीत का लावू नये? ज्यांनी गाव पाहिलं ती माणसं अजून आहेत. एकेकानं येऊन सांगायचं, घर कुठं, विहीर कुठं, पाणंद कुठून वळायची. चकती गुंता घालील आणि गाव उगवेल. यंत्राचा चष्मा घातला की माणूस आपल्या दारात. नवी चकती घ्यायची तर वर्गणी आली. जोतिरामची अर्धी मोकळीच होती. ठराव एकमतानं मंजूर झाला, कारण जागा दुसऱ्याची होती.

अशी चकतीवर दुसरी प्रणाली आली. यंत्र सुरू केलं की पडद्यावर दोन शब्द उमटत: घर, गाव. एक निवडायचं. दोन्ही एकदम जागी करता येत नाहीत. धागे एकमेकांत शिरले तर पाणंद थेट स्वयंपाकघरात उगवायची. म्हणून दोन्हींच्या मध्ये एक कोरडी पट्टी सोडलेली असते, तिच्यात काही रुजत नाही. वसाहतीत कुणाला ती समजावून सांगावी लागली नाही. शेंबडं पोरही म्हणालं असतं, हा बांध.

गाव उगवू लागलं आणि पहिल्या वर्षी वसाहत अक्षरशः वेडी झाली. म्हाताऱ्या बाया चष्मा घालून आपल्याच उंबऱ्यावर बसून रडल्या. कुणाला बुजलेला झरा सापडला, कुणाला गोठ्यातली मोरी गाय. जोतिराम तर रोज जायचा. त्याला स्वतःला थोडंच आठवत होतं: भाताच्या खाचरांतलं पाणी, शाळेची घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा, आणि कुणाच्या तरी कमरेवर बसून पाहिलेला धुक्यातला डोंगर. कमर कुणाची ते त्याला ठाऊक होतं. चेहरा मात्र आठवायला गेलं की पाण्यावर फुंकर मारल्यासारखा हलायचा.

त्याचं घर गावाच्या टोकाला, म्हणून शेवटी उगवायला आलं. ओटी झाली, माजघर झालं. आई दळायला बसायची त्या परसाचं दार उघडायला गेला तर पडद्यावर अक्षरं आली: जागा अपुरी.

जागा खाल्ली कुणी, ते सगळ्यांना माहीत होतं. केरबाआबा आणि यशवंततात्या. दोघे सख्खे चुलतभाऊ, गाव बुडालं तेव्हा ऐन जवानीतले, नुकतीच शेताची वाटणी झालेले. आता दोघांच्या तोंडात मिळून एक बत्तीशी पुरी होत नव्हती. दर रविवारी दोघेही साक्ष द्यायला हजर. गावाविषयी त्यांना बोलायचं होतं ते एवढंच.

“हिरड्याच्या झाडापातुर माजं,” केरबाआबा सुरुवात करायचे.

“झाड माज्यात हाय,” यशवंततात्या म्हणायचे. “ह्येचं झाडाच्या अलीकडं चार हात सपतंय. लिव रं जोत्या.”

“लिहायचं नसतं तात्या. नुसतं बोला, ती ऐकतीया.”

“मग तिला सांग, ह्यो लबाड हाय.”

“लबाड म्हनतोस? ह्या जोत्याच्या आयला इचार! चंद्री तितंच गवात कापत हुती. तिनं बघितलाय बांद.”

“तिला काय इचारतोस, ती माज्या बाजूनं बोलली हुती!”

चकती बिचारी कुणाला खोटं म्हणत नाही. दोघांचंही ऐकते आणि दोन्ही उगवून देते. त्यामुळं गावात हिरडे दोन झाले. पुढच्या रविवारी दोघेही हातभर पुढं सरकले, की हिरडेही सरकले. जित्या जमिनीचा बांध कोरणारे भाऊबंद गावोगाव सापडतात. साठ फूट पाण्याखालच्या जमिनीचा बांध कोरणारे हे दोघंच. वर्षभरात मूळ गावापेक्षा चकतीतलं गाव चांगलं सव्वापट झालं, आणि ते सगळं वाढलं दोन शेतांच्या मध्ये.

हे जोतिराम लोकांना रंगवून सांगायचा, पोट धरून हसायचा. जागेसाठी दोघा म्हाताऱ्यांना गप्प करावं, असं मात्र त्याच्या मनात आलं नाही. वडीलधाऱ्यांना गप्प कोण करणार? त्यापेक्षा बायकोकडं मागणं सोपं.

वनिता भाकऱ्या थापत होती. ज्वारीच्या मुलखातली ही बाई, पण आठवड्यातून दोनदा तिच्या परातीत नाचणीचं पीठ असायचं. भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि ओला तळवा तिनं शेगडीशेजारच्या भिंतीला पुसला.

“पुन्हा!” जोतिराम म्हणाला. “अगं फडकं कशाला ठेवलंय? दर दिवाळीला रंग देतो मी त्या भिंतीला.”

“हाताला सवय लागलीया.”

“आधी नव्हती. कुणी लावली असली सवय?”

“घरात येऊन बघा की कवातरी, कळंल,” वनिता म्हणाली.

जोतिरामला तो नेहमीचा टोमणा वाटला. गाव चालू झाल्यापासून ती असं बोलायचीच. एकदा चारचौघींत म्हणाली होती, “जिती सवत असती तर झिंज्या तरी धरल्या असत्या. ह्या बुडालेल्या गावाचं काय धरू?”

त्यानं पाट ओढला आणि मुद्द्यावर आला. “घराच्या पट्ट्यातला थोडा काठ गावाला द्यायचा म्हणतो. परस उगवत नाहीये.”

वनिताचा हात थांबला. “परसात कोण हाय?”

त्यानं परातीबाहेर सांडलेलं पीठ बोटानं गोळा केलं. तिला कळलं.

“माजं काय जाईल त्यात?”

“काही नाही. काठावरचं सगळं आत सरकवून घेतं यंत्र. दाटीवाटीनं बसतं, एवढंच.”

“ईश्वरीचं बोलनं?”

“ते मधोमध आहे. बघितलंय मी.”

वनितानं भाकरी उलटली. ती फुगल्यावर खाली उतरवली. “आयसाठी करताय तर करा,” ती म्हणाली. “मी न्हाई म्हननार न्हाई. पर आदी घर चालू करून त्येला इचारा, काठाला काय काय हाय. इचारल्याबिगर हात लावू नका.”

“विचारतो.”

“तसं नगं. शब्द द्या.”

“दिला,” जोतिराम म्हणाला. त्या वेळी तो खराच होता, हे त्याच्या बाजूनं नोंदवलं पाहिजे.

जानाईच्या जत्रेचा दिवस ठरला. देवी वसाहतीत आणली असली तरी तिची मूळ जागा पाण्याखाली, म्हणून जत्रेदिवशी चकतीतल्या गावात जाऊन तिथल्या देवळापुढं नारळ फोडायचा, असा नवा रिवाज पडला होता. खरा नारळ अंगणात फुटायचा, चष्म्यात देऊळ दिसायचं, आणि खोबरं सगळ्यांना मिळायचं. सकाळपासून अंगणात खुर्च्या मांडलेल्या. वनिताला नेमकी तालुक्याला बचतगटाची बैठक होती. ती जाताना दारातून फक्त एवढंच म्हणाली, “इचारा बरं का.”

त्याला आधी घर चालू करायचं होतं. पण रात्रीच लोकांनी देवीच्या आरतीसाठी गाव चालू करून ठेवलेलं. ते बंद करून थेट जागा वाढवायच्या कामाला लागलं तर वेळ वाचत होता. काम सुरू केल्यावर बघू, असं त्यानं ठरवलं. इथं पहिली चूक झाली.

जागेची फिरवाफिरव बाहेरून करावी लागते. दोन्ही प्रणाली निजलेल्या हव्यात, जसा खाटेवरचा माणूस उठल्याशिवाय खाट सरकवता येत नाही. जोतिरामनं यंत्रात खोचायच्या वेगळ्या काडीवरून ते सुरू केलं. पडद्यावर चकतीचा नकाशा आला. डावीकडं घराचा लांब पट्टा, मग बांधाची बारीक रेघ, मग गाव, काठोकाठ भरलेलं. मोकळी जागा होती ती सगळी घराच्या पोटात, इथंतिथं विखुरलेली. घराला आत सरकवायचं, काठ रिकामा करायचा, बांध उचलून पलीकडं ठेवायचा आणि रिकामं रान गावाला जोडायचं. त्यानं आकडा घातला. घर आक्रसू लागलं. काठावरचे गुंते एकेक करून आत जाऊ लागले, पाव्हणे आले की पोरं कोपऱ्यात सरकतात तसे.

एक गुंता हलला नाही.

यंत्रानं दोनदा प्रयत्न केला आणि मग अक्षरं आली: स्थिर. जागा, स्वयंपाकघर. वेळ, दुपार. या गुंत्याला घरातल्या पुष्कळ आठवणी बांधलेल्या आहेत, म्हणून हलवता येत नाही. काढून टाकायचा?

घर निजलेलं. आत काय आहे हे सांगायला कुणी जागं नव्हतं. विचारायचं तर सगळं काम सोडून द्यायचं, घर चालू करायचं, विचारायचं, पुन्हा बंद करून पहिल्यापासून लागायचं. दुपार झाली असती. अंगणातून केरबाआबांचा आवाज आला, “जोत्या, आरं देवी उन्हात बसलीया! नारळ फोडतोस का पुढच्या जत्रंला?”

“झालंच आबा!”

जोतिरामनं पुन्हा वाचलं. स्वयंपाकघर. दुपार. त्याच्या डोळ्यांपुढं आलं ते हेच: कुकरच्या शिट्ट्या, मिक्सरची घरघर, वनिताच्या आणि शेजारणींच्या गप्पा, कुणाची सून कशी आणि कुणाची म्हैस किती देते. आणि त्याच्या आधी ठकूआत्या होत्या, बापाची धाकटी विधवा बहीण. शेवटची वर्षं त्याच्याकडंच काढली, दुपारी वनिताजवळ बसून गव्हातले खडे वेचत काहीबाही पुटपुटायच्या. बायकांच्या दुपारच्या गप्पांना इतक्या आठवणी बांधलेल्या कशा, असा प्रश्न त्याला पडायला हवा होता. पडला नाही. पडद्याच्या दुसऱ्या टोकाला परस होता.

त्यानं ‘हो’ दाबलं.

मग बांध उचलला आणि बायकोच्या रानात ठेवला. केरबाआबांना आणि तात्यांना हसून हसून पोट धरणाऱ्या जोतिराम शेलारनं आयुष्यातला पहिला बांध कोरला, आणि तो एकदम एकराच्या मापानं.

गाव जागं झालं. चष्मा त्यानं सगळ्यांच्या आधी घातला. पाणंदीतून खाली उतरला. दोन्हीकडं खाचरांत पाणी साचलेलं, त्यात आभाळ पडलेलं. शाळेपाशी रुळाचा तुकडा वाऱ्यानं हलत होता. त्यानं नेहमीसारखा त्याच्यावर हात मारून पाहिला आणि नेहमीसारखा आवाज उशिरा आला. पाय आपोआप भराभर पडू लागले. ओटी, माजघर, मागचं दार. दार उघडलं.

फणस होता. रांजण होता, त्याला खालून शेवाळ आलेलं. छपराखाली पाठमोरी बाई बसली होती, लुगड्याचा रंग उडालेला, जात्याच्या खुंट्यावर हात. पंचावन्न वर्षांचा माणूस दारात उभा राहून तसा बोलला, जसा इतकी वर्षं कुणाशी बोलला नव्हता.

“आये.”

बाई वळली. चेहरा वाईट नव्हता. कुणाच्याही आईचा असावा असा होता. इतका कुणाचाही, की पोस्टात चिकटवलेल्या जाहिरातीवर खपून गेला असता.

“बांद केरबाचा,” ती म्हणाली. “म्या डोळ्यानं बघितला.”

“आये, मी जोत्या.”

“हिरडा येशवंताच्या रानात. देवाशपथ सांगते.”

तो पुढं गेला, तिच्यासमोर बसला. तिला विचारलं, मी लहानपणी कसा होतो? तिला विचारलं, तुला काय झालं होतं? ती शांतपणे जात्यावर हात फिरवत, एकदा या चुलतभावाची तर एकदा त्या चुलतभावाची साक्ष देत राहिली. रविवारच्या रविवार दोघा म्हाताऱ्यांनी तिला पंच म्हणून उभं केलं होतं. गावातल्या पुरुषांना चंद्राबाई शेलार आठवत होती ती एवढीच: बांधावर गवत कापणारी साक्षीदार. त्यांनी दिलं तेवढं दूध, आणि त्याचं लागलं तेवढं दही.

परसाच्या कुडापलीकडं नव्या रानात आणखी दोन हिरडे उगवले होते.

जोतिरामनं चष्मा काढला, तेव्हा अंगणात बाकीच्यांनी घातले होते. केरबाआबा खुर्चीतून अर्धे उठून ओरडले, “बग, हिरडा माज्यात!” त्यांच्या शेजारी तात्या ओरडले, “माज्यात!” दोघांनाही आपापला हिरडा दिसत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दोघांचं एकदम समाधान झालं. दोघांनी एकमेकांना खोबरं भरवलं. जत्रा फार छान झाली, असं सगळेच म्हणाले.

वनिता उन्हं कलल्यावर आली. पिशवी ठेवली, पाय धुतले, घर चालू केलं आणि परातीत नाचणीचं पीठ घेतलं. जोतिराम उंबऱ्यावर बसून होता. त्यानं काही सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. परसातून आलेल्या माणसाला लगेच काही विचारू नये, एवढं तिला कळत होतं.

पीठ मळता मळता ती फडताळाकडं बघून म्हणाली, “आत्याबाईंची ती दळतानाची ओवी लाव गं.”

घर म्हणालं, “अशी ओवी माझ्याकडं नाही.”

“अगं, ठकूआत्याबाईंची. रोज लावतीस की.”

आपल्या नेहमीच्या आर्जवी आवाजात घरानं विचारलं, “ठकूआत्याबाई कोण?”

वनिताचे हात पिठात तसेच राहिले. तिनं जोतिरामकडं पाहिलं.

“इचारलं हुतं?”

तो खाली बघत राहिला.

वनिता बोलली तेव्हा तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

“आत्याबाई दुपारच्याला बसायच्या ना, तवा तुमच्या आयचं सांगायच्या. रोज. चंद्रावैनी अशी हसायची, चंद्रावैनी पुरातनं नदी अशी उतरायची. ओव्या म्हनायच्या तिच्या. तिच्याच आवाजात म्हनायच्या, हुबेहूब, दोघी एकाच जात्यावर दळायच्या न्हाई का? मी म्हनलं, आत्याबाई, घराला सांगा ह्ये समदं. तीन वरसं सांगत हुत्या. जाईपातुर.”

“मला का नाही बोललीस?”

“कवा बोलनार? तुमी गावात असला की घर बंद. घर चालू असलं की तुमी रानात, न्हाईतर कुनाचं यंत्र दुरुस्त करायला. आत्याबाई म्हनायच्या, त्येला इचारू दे, मंग सांगू. पोरानं आपनहून आयचं इचारावं, असं त्यास्नी वाटायचं. दिसभर गावातल्या बाप्यांना इचारत बसलासा. घरातल्या बायांना येकदा बी न्हाई.”

जोतिरामनं तोंडावरून हात फिरवला. “तुला आठवतं?”

“थोडं.” तिनं ओवी म्हणून पाहिली. पहिली ओळ आली. चालही आली. दुसरी ओळ आली नाही. पुन्हा पहिलीवरून सुरू केलं, आणि पुन्हा तिथंच थांबली. घर फडताळावरून ऐकत होतं, त्याला काहीच उमजत नव्हतं.

मग तिनं उंडा घेतला आणि थापायला लागली.

“गाव सोडायच्या दिशी काय झालं, त्ये आठवतंय मला. टरक दारात. समदी भांडी-कुंडी चढवत हुती. बापय मानसं टरकावर कुनाचं किती सामान, त्येच्यावरनं भांडत हुती. तुमच्या आयनं शेवटची भाकरी केली. तव्यावर टाकली की वला हात भितीला पुसायची सवय तिला. भितीला जमिनीपासनं हात पोचंल तितवर पंजंच पंजं हुतं, आत्याबाई सांगायच्या. त्या दिशी तिनं हात मुद्दाम भिजवला अन् घरातल्या येकेका भितीला टेकवून आली. माजघर, ओटी, परसाचा कूड. आत्याबाईंनी इचारलं, वैनी, ह्ये काय? तर हसून म्हनली, पानी चडंल तवा त्येला कळूं दे, हितं कोन ऱ्हात हुतं.”

भाकरी तव्यावर पडली. वनितानं वरून पाणी फिरवलं. तिचा तळवा भिंतीकडं गेला, आणि अर्ध्यातच थांबला. तिनं नवऱ्याकडं पाहिलं.

जोतिरामनं भिंतीकडं पाहिलं. गेल्या दिवाळीच्या पिवळ्या रंगावर पुन्हा उमटलेले, एकावर एक पडलेले, बोटांचे आणि तळव्याचे फिकट डाग. इतकी वर्षं तो ते रंगवत आला होता, ब्रशचे दोन हात मारून, न चुकता.

“पूस,” तो म्हणाला.

तिनं पुसला.

“अजून काय सांगायच्या आत्या?”

“आठवंल तसं सांगीन. तुमाला. त्या चकतीला न्हाई.” मग ती म्हणाली, “सांगता सांगता माज्या पदरचं बी मिसळंल त्यात. केरबाआबांचं चालतं, मग माजं बी चालंल.”

पुढं तो रोज दुपारी घरी बसू लागला. गव्हातले खडे वेचायलाही शिकला. वनिताला आठवायचं ते ती सांगायची. कधी चार वाक्यं, कधी नुसता एखादा शब्द, आणि कधी काहीच नाही. ओवीची दुसरी ओळ मात्र कधी आली नाही. त्या जागी ती गुणगुणायची.

आता शेवटचा हिशेब. केरबाआबांना हिरडा मिळाला. यशवंततात्यांनाही मिळाला, आणि दोघे निवांत मरायला मोकळे झाले. वसाहतीला जत्रेपुरतं गाव मिळालं, असल्यापेक्षा जरा ऐसपैसच. जोतिरामला परस मिळाला, तिथं तो पुन्हा गेला नाही. वनिताचं रान गेलं, आणि रान घेतलं म्हणून तिनं नवऱ्याला कधी ऐकवलं नाही. ते कर्ज त्याच्याकडून या जन्मी फिटायचं नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे. या सगळ्याची किंमत भरली ती मात्र चंद्राबाई शेलार यांनी. त्यांनी आपली जागा दुसऱ्यांदा सोडली. पहिल्या वेळी निदान घरात नोटीस तरी आली होती.